वाळू अजून चमकत होती

(एक्सिटर कॉलेज, भोजनगृह)

ऑक्सफर्डच्या याच दालनात १८४९ साली एक पुस्तक जाळलं गेलं. विल्यम स्यूएल या अध्यापकांनी विद्यार्थ्यांदेखत ते शेकोटीत फेकलं. धर्मावरची श्रद्धा डळमळलेल्या एका पाद्र्याची ती कादंबरी. लेखक याच कॉलेजचे फेलो, म्हणजे मानद वेतन घेणारे अध्यापक-सदस्य, जेम्स अँथनी फ्रूड, वय तीस. फेलोशिप सोडावी लागली. धर्मदीक्षेची पहिली पायरी घेतलेली, त्यामुळे दुसरा पेशाही धरता येईना. उरली लेखणी.

(सिमांकासचा किल्ला)

स्पेन. खंदक, पूल, बुरूज, आणि आत राजांचं दफ्तर. इंग्लंडच्या दरबारातले स्पॅनिश वकील आपल्या राजाला जे जे कळवत, त्याचे कागद इथं येऊन पडले. फ्रूड ते वाचायला इथवर आले. पाच-सहा भाषांतली हस्तलिखितं, आणि अक्षर असं की एकेक पान म्हणजे कडा उतरणं. दफ्तरातल्या लोकांनी खिडकीपर्यंत रचलेले धुळकट गठ्ठे दाखवायचे आणि म्हणायचं, बघा काय जमतंय ते! कितीदा तर शाई टिपायला भुरभुरलेली वाळू अक्षरांवर तशीच चमकताना दिसे. म्हणजे पत्र एकदा वाचून ठेवलं, त्यानंतर तीनशे वर्षं कुणी उघडलंच नाही.

(बारा खंड, एका रांगेत)

फ्रूड यांनी लिहिलेला, आठव्या हेन्रीचा मंत्री वुल्झी याच्या पतनापासून स्पॅनिश आरमाराच्या पराभवापर्यंतचा इंग्लंडचा इतिहास. १८५६ ते १८७०.

इतिहासकार एडवर्ड फ्रीमन यांनी या खंडांवर वर्षानुवर्षं झोड उठवली. चुका होत्या, नाही असं नाही. उतारा घेताना फ्रूड घसरत. पण फ्रीमन स्वतः छापील ग्रंथांवर विसंबणारे, हस्तलिखितांच्या वाऱ्यालाही उभे न राहणारे. हेही सांगायला हवं की नको?

मधली वर्षं धावपळीची. ‘फ्रेझर्स मॅगझिन’चं संपादन, अमेरिकेतली व्याख्यानं, जी आयरिश लोकांच्या जिव्हारी लागली, दक्षिण आफ्रिकेतल्या वसाहती एकत्र आणण्याची सरकारी कामगिरी, जी फसली.

(चेल्सी, कार्लाइल यांचं घर)

लेखक-इतिहासकार टॉमस कार्लाइल यांनी आपली आणि पत्नीची खासगी कागदपत्रं फ्रूड यांच्या हाती सोपवली होती. कार्लाइल यांच्या चरित्रात फ्रूड यांनी त्या संसारातली दुःखंही झाकली नाहीत. कार्लाइलभक्त खवळले.

१८९२. फ्रीमन वारले, तेही स्पेनमध्येच. ऑक्सफर्डमधलं इतिहासाचं त्यांचं मानाचं प्राध्यापकपद पंतप्रधान सॉल्झबरी यांनी दिलं फ्रूडना! चौऱ्याहत्तरी उलटल्यावर ते व्याख्यानांना उभे राहिले. विषय सोळाव्या शतकातले विद्वान इरॅस्मस, कॅथलिक चर्चची ट्रेंट इथली धर्मपरिषद, एलिझाबेथच्या काळातले दर्यावर्दी. ऑक्टोबर १८९४ मध्ये डेव्हनच्या किनाऱ्यावर, सॉल्कम इथं ते वारले. दर्यावर्दींवरची व्याख्यानं पुढच्या वर्षी छापून आली.