सागवानाच्या वजनावर चालणारी रेल्वे

मघाशी चहाच्या वेळी एकाने विचारलं, ट्रामवे म्हणजे आपल्या मुंबईत बोरीबंदरहून दादरला जायची तसली ट्राम का? नाही हो. ही जंगलातली. कोचीन स्टेट फॉरेस्ट ट्रामवे, आजच्या केरळात, चालकुडीपासून परांबिकुलमच्या जंगलापर्यंत, सुमारे ८० किलोमीटर, मीटर गेज. नाव ट्रामवे, पण वाफेची इंजिनं, तीसुद्धा जर्मन, ऑरेनस्टाइन अँड कोप्पेलची.

कोचीन म्हणजे इवलंसं संस्थान. पैसा कुठून आणायचा? तर डोंगरात उभं सागवान. टीक हा इंग्रजी शब्दच मुळात मल्याळम 'तेक्क'वरून, पोर्तुगीजांमार्फत गेलेला, म्हणजे बघा माल कुठला ते. राजा रामवर्मा रेल्वेच्या बाबतीत हट्टी माणूस. शोरनूर-एर्नाकुलम लाइनच्या वेळी त्यांनी त्रिपुणितुराच्या देवळातली हत्तींची सोन्याची नेट्टिपट्टं, म्हणजे कपाळावरचे दागिने, विकायला काढली असं तिकडे आजही सांगतात. १९०२ मध्ये ती लाइन सुरू झाली आणि चालकुडी तिच्यावरच, त्यामुळे डोंगरातलं लाकूड चालकुडीपर्यंत आणलं की काम झालं. १९०७ पासून ट्रामवे धावायला लागली.

आता गंमत ऐका. खालचा भाग सोपा, वर पठारावरही इंजिन आरामात चालतं, पण मधला घाट इतका उभा की साधं इंजिन चढूच शकत नाही. मग काय केलं, तर सरळ चढाचे रूळ टाकले आणि इंजिनाला सुट्टीच दिली. विहिरीच्या कप्पीवर एकाच दोराला दोन बादल्या बांधल्या की जड बादली खाली जाताना हलकीला वर ओढते, तेच इथे. सागाचे ओंडके लादलेल्या वाघिणी, म्हणजे रेल्वेचे मालडबे, वरून सोडायच्या, दोराच्या दुसऱ्या टोकाला खालच्या रिकाम्या वाघिणी, भरलेल्या उतरतात, रिकाम्या चढतात. वर उभ्या माणसाचं काम फक्त ब्रेक धरायचं, पण 'फक्त' म्हणायला आपल्याला सोपं आहे, ब्रेक सुटला तर कित्येक टन लाकूड सुसाट खाली, विचार करा. चढाला कोळसा नाही, वाफ नाही, जे लाकूड विकायचं त्याच्याच वजनावर गाडी चालायची. माझ्या मते अख्ख्या ट्रामवेतली सगळ्यात हुशार गोष्ट हीच.

अर्थात नवीन असं काही नव्हतं. त्याच डोंगररांगेत पलीकडे, आताच्या तमिळनाडूत, टॉप स्लिप नावाची जागा आहे, तिथून पूर्वी ओंडके नुसते उतारावरून खाली घसरवायचे, नावच त्यावरून पडलं. कोचीनवाल्यांनी त्या घसरण्याला रूळ आणि दोर दिला एवढंच.

आपल्या मुंबईचा एक माणूसही या ट्रामवेने फिरलाय. १९३३ मध्ये सलीम अली त्रावणकोर-कोचीनच्या पक्ष्यांचा सर्व्हे करत होते तेव्हा वरच्या जंगलात कुरियारकुट्टीला त्यांचा मुक्काम होता. लाकडासाठी बांधलेली गाडी, आणि तिनेच पक्षी मोजणारा माणूस जंगलात नेऊन सोडला!

पुढचं लवकर सांगतो. एवढ्या लांब लाइनची देखभाल, दुरुस्ती, पगार, खर्च काही थांबत नाही आणि सागाला वाढायला कित्येक दशकं लागतात. स्वातंत्र्यानंतर हिशेब आणखी बिघडला, ट्रक आले, आणि १९६३ मध्ये ट्रामवे बंद. आपली दादरची ट्राम त्यानंतर वर्षभराने, १९६४ ला गेली. वाघिणी गेल्या आणि पुढे, २०१० मध्ये, परांबिकुलम व्याघ्र प्रकल्प झाला. कन्निमरा नावाचा प्रचंड साग अजून तिथे उभा आहे, खोडाला कवेत घ्यायला चार-पाच माणसं लागतात.

तुम्हाला जायचं असेल तर एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. जंगल केरळचं, पण गाडीने चालकुडीकडून जाता येत नाही. तमिळनाडूत पोल्लाचीला जायचं, तिथून टॉप स्लिपवरून, आणि मग परत केरळात शिरायचं. थेट जायची सोय होती ती रुळांवरून होती, आणि रूळ तर उखडले.