शेपटी राहिली चिखलात

नमस्कार श्रोतेहो. खोल समुद्राच्या तळाचा चिखल वर काढून चाळणीत धुतला, की कधीकधी आजवर कुणीच न पाहिलेला कृमी हाती लागतो. मग त्याचं कूळ शोधायचं. त्यासाठी तो अख्खा लागतो. अख्खा! हा शब्द ध्यानात ठेवा, कारण आजची गोष्ट त्याचीच आहे.

1899-1900 साली 'सिबोगा' हे डच जहाज आजच्या इंडोनेशियाच्या समुद्रात फिरत होतं. तळ खरवडताना दोऱ्याएवढे बारीक, नळीत राहणारे जीव वर आले. मॉरिस कोलेरी या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञांनी 1914 मध्ये त्यांना जहाजावरून नाव दिलं, सिबोग्लिनम. पण बसवायचं कुठं? तोंड नाही, आतडं नाही. पोट कुठलं, पाठ कुठली, तेही कळेना. पुढं त्यांच्यासाठी पोगोनोफोरा, म्हणजे दाढीवाले, असा वेगळा संघच केला गेला. आणि नातं कुणाशी जोडावं? तारामासे आणि आपण माणसं प्राणिसृष्टीच्या ज्या फांदीवर आहोत, तिच्याशी!

अशी पन्नास वर्षं गेली. मग नॉर्वेच्या फ्योर्डमधल्या, म्हणजे समुद्राच्या अरुंद, खोल खाडीतल्या एका सिबोग्लिनमची मागची बाजू अखंड हाती आली, आणि 1964 मध्ये तिचं वर्णन छापून आलं. श्रोतेहो, त्या टोकाला वलयं होती, गांडुळाला असतात तशी! वलयांवर ताठ, बारीक केसही. हा कृमी शेपटीनं चिखल घट्ट धरून बसतो. खेचला, की तुटतो. शेपटी खाली राहते, उरलेला वर येतो. पन्नास वर्षं मोठमोठी माणसं अपुऱ्या प्राण्याचं कूळ शोधत होती! जी पाठ समजली, ती पोटाची बाजू निघाली. पुढं डीएनएनंही तेच सांगितलं, आणि आता हे सगळे गांडुळाच्या संघात, सिबोग्लिनिडी कुळात आहेत. पोट भरतं ते शरीरात राहणाऱ्या जिवाणूंवर.

नव्या प्रजातीचा एक नमुना संग्रहालयात कायमचा जपतात. तुलना त्याच्याशीच करायची. बरणीतली चिठ्ठी पेन्सिलीनं लिहितात, कारण अल्कोहोलमध्ये पेनची शाई विरघळते, पेन्सिल टिकते.

याच कुळातला ओसेडॅक्स 2002 मध्ये सापडला. कॅलिफोर्नियाच्या माँटेरे उपसागरात, जवळजवळ 2,900 मीटर खोल, देवमाशाच्या हाडांत मुळं रोवून बसलेला. गोळा केलेल्या सगळ्या माद्याच! नर कुठं गेले? ते मादीच्याच नळीत होते, डोळ्यांना न दिसणारे, एकेकीपाशी डझनांनी. नळी बाजूला टाकली असती, तर नरही तिच्याबरोबर गेले असते.