पंचनाम्याला माणूस यायला हवा

(मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनानिमित्त अंबाजोगाईत दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी.

मुक्तिसंग्राम दिनाला उद्याच्या तंत्रज्ञानावर बोलणे काहींना विजोड वाटेल. मला तसे वाटत नाही. निजामाच्या राज्यात सभा घ्यायची तर आधी परवानगी काढावी लागे. त्यासाठी ‘गश्ती क्रमांक ५३’ नावाचा हुकूमच होता. म्हणून लोक वाचनालयाच्या, साहित्याच्या, उत्सवांच्या निमित्ताने जमत आणि जे बोलायचे ते तिथे बोलत. १५ ऑगस्ट १९४७ नंतरचे तेरा महिने तर आणखी कठीण होते. संस्थानाच्या हद्दीबाहेर कार्यकर्त्यांचे कॅम्प होते. रात्री हद्द ओलांडून ते आत येत, करोडगिरीचे, म्हणजे जकातीचे, नाके जाळत, निरोप पोचवत आणि परत जात. त्यांना ज्या घरांनी भाकरी दिली, कडब्याच्या गंजीआड झोपू दिले, त्या घरांची नावे कुठे लिहिलेली नाहीत. नावे लिहिली गेली नाहीत, म्हणूनच ती घरे वाचली.

हा इतिहास मी संगणक शिकवणारी बाई म्हणून वाचते, तेव्हा मला एकच प्रश्न पडतो. कोण कुठल्या रात्री कुठल्या वस्तीवर होता, कोणाशी किती वेळ बोलला, हे हैदराबादेत बसून कळत असते, तर १७ सप्टेंबर १९४८पर्यंत यातले किती जण जिवंत राहिले असते? राज्यकर्त्याला सगळे दिसत नव्हते, म्हणून तो लढा लढता आला. आज या सभागृहात जेवढे मोबाइल चालू आहेत, ते सगळे इथे एकत्र आहेत ही नोंद टॉवरकडे झालेली आहे. परवानगी मात्र कोणी मागितली नाही.

माझे विद्यार्थी लगेच म्हणतात, मॅडम, आता राज्य आपले आहे, मग लपवायचे काय? त्याचे एक उत्तर सर्वोच्च न्यायालयाने दिले आहे. के. एस. पुट्टस्वामी हे कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश ऐंशी उलटल्यावर आधारच्या प्रश्नावर न्यायालयात गेले. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितले की खासगीपणा हा मूलभूत अधिकार आहे. हे उत्तर मोलाचे आहे. पण मला आज न्यायालयातून नव्हे, वावरातून बोलायचे आहे. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत आपले रोजचे जगणे कसे असेल याचे हे माझे अंदाज आहेत. ते चुकले तर मला आनंदच होईल.

शेतापासून सुरुवात करते. २०२१च्या खरिपापासून राज्यभर ई-पीक पाहणी आली. आधी सातबाऱ्यावर काय पेरले हे तलाठी लिहायचा आणि पुष्कळदा चावडीत बसूनच लिहायचा. आता शेतकरी स्वतः बांधावर उभा राहून मोबाइलवर पिकाचा फोटो काढतो. माझ्या मते हे चांगले झाले. आपल्या शेताची नोंद आपण करायची, ही लहान गोष्ट नाही. पण ही पायरी फार काळ टिकणार नाही. युरोपचे सेंटिनेल-२ उपग्रह दर पाच दिवसांनी आपल्या डोक्यावरून जातात आणि त्यांच्या चित्रातला एक ठिपका म्हणजे दहा मीटर बाय दहा मीटर जमीन. पावसाळ्यात ढगांमुळे त्यांना दिसत नाही, पण ३० जुलै २०२५ला श्रीहरिकोट्याहून सोडलेला निसार उपग्रह रडारने पाहतो, त्याला ढगांची अडचण नाही. माझा अंदाज असा की आणखी काही वर्षांनी शेतकऱ्याला काही कळवावेच लागणार नाही. कुठल्या गटात सोयाबीन, कुठे तूर, केव्हा पेरली, किती उगवली, किती पिवळी पडली, हे वरून ठरेल. नुकसान झाले तर ते कळवायची धावपळ संपेल आणि पैसे आपोआप खात्यावर येतील.

असे झाले तर मी मनापासून स्वागत करीन. विम्याच्या तक्रारीसाठी भर पावसात नेटवर्क शोधत टेकाडावर चढलेली माणसे मी पाहिली आहेत.

आता याच चित्राची दुसरी बाजू. अतिवृष्टी ठरते महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकावर. चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला, तर अतिवृष्टी. मराठवाड्यातला पाऊस कसा पडतो हे तुम्हाला मी सांगायला नको. नाल्याच्या अलीकडे झोडपतो आणि पलीकडे धूळ उडत असते. समजा, यंत्राजवळ ६१ पडला आणि तुमच्या शिवारात शंभर. आज काय होते? गाव गोळा होते, तहसीलला जाते, आरडाओरडा होतो, मग तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक पंचनाम्याला येतात. त्यांना चिखलात उतरवता येते. सडलेल्या शेंगा त्यांच्या हातावर ठेवता येतात. २०२५च्या सप्टेंबरात सिंदफणा आणि मांजरा पात्र सोडून वाहिल्या, तेव्हा नुसते पीक गेले नाही, जमीन खरवडून गेली. खाली मुरूम उघडा पडला. पुढची कित्येक वर्षे तिथे काय पिकणार नाही, हे त्या रानात उभे राहिल्याशिवाय कळत नाही.

पंचनाम्याची जुनी पद्धत चांगली होती असे मी मुळीच म्हणत नाही. त्यात पैसे खाल्ले जात होते, भावकी आणि जात पाहिली जात होती, विधवेच्या शेतापर्यंत कोणी पोचत नव्हते. यंत्र यातले काही करणार नाही अशी आशा आहे, आणि ती खोटी नाही. तरी समोर एक माणूस होता. त्याला ‘का?’ विचारता येत होते. उद्या मोबाइलवर संदेश येईल: आपला गट पात्र नाही. का नाही, ते तलाठ्याला माहीत नसेल, तहसीलदाराला माहीत नसेल, ज्या कंपनीने ते गणित बसवले तिच्या कार्यालयातल्या पोराला तर मुळीच माहीत नसेल. माझी भीती ही आहे. लोक म्हणतात यंत्र आपल्यावर नजर ठेवेल. नजर तर आधीही होती, गावात कोणाचे काय लपते? पण निर्णय घेणारा कोणी उरलाच नाही, तर भांडायचे कोणाशी?

हेच ऊसतोडीत पाहू. बीड जिल्ह्यातल्या माणसांसमोर मी हे बोलते आहे, त्यामुळे जपून बोलते. दिवाळीच्या सुमारास नवरा-बायकोचा एक कोयता मुकादमाची उचल घेऊन कारखान्यावर जातो. उचलीचा हिशेब मुकादमाच्या वहीत असतो. खाडा झाला की पैसे कापतात. २०१९ साली सरकारने नेमलेल्या समितीला या जिल्ह्यात १३ हजारांहून जास्त ऊसतोड महिलांची गर्भपिशवी काढलेली आढळली. त्यामागच्या कारणांत खाड्याची धास्ती हेही एक होते. तेव्हा खाडा मोजणारा माणूस होता. उद्या मनगटावरच्या पट्ट्याने कोण किती वेळ वाकले, किती वेळ बसले, किती मोळ्या बांधल्या, हे मिनिटामिनिटाने मोजले, तर त्या बाईचे शरीर त्याची काय किंमत मोजेल? ही कल्पनेची भरारी नाही. रोजगार हमीच्या कामावर १ जानेवारी २०२३पासून दिवसातून दोनदा फोटो काढून ॲपवर हजेरी सक्तीची झाली. १९७२च्या दुष्काळात खडी फोडायला गेलेल्या बायकांची हजेरी कागदाच्या मस्टरवर लागत होती. त्या मस्टरातही खोट्या नावांचे घोळ होते, हे खरे आहे. पण मोबाइलला रेंज नाही म्हणून त्या मस्टरवर कोणाचा दिवस बुडत नव्हता.

आणखी एक गोष्ट, जिच्याविषयी कोणी बोलत नाही. मुकादमाशी पटले नाही, मध्येच काम सोडून यावे लागले, तर जोडपे पुढच्या वर्षी दुसरा मुकादम गाठते, दुसऱ्या कारखान्यावर जाते आणि नव्याने सुरुवात करते. एका वहीतली गोष्ट दुसऱ्या वहीला माहीत नसते. उचल मोबाइलवर आली, सगळ्या वह्या एक झाल्या, की ‘या कोयत्याने अमुक वर्षी काम अर्धवट सोडले’ हा शिक्का सांगली, कोल्हापूर, बेळगावपर्यंत त्यांच्या पुढे पोचेल. बाळंतपण होते म्हणून सोडले, की मूल आजारी होते म्हणून, हे त्या शिक्क्यात नसेल. गरिबाच्या हातात फार थोडे स्वातंत्र्य असते. त्यातले सगळ्यात मोठे हे आहे, पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे. यंत्र विसरत नाही याचे आपण कौतुक करतो, पण काही गोष्टींचा विसर पडू देणे हीसुद्धा माणुसकी आहे, आणि ती कायद्यात लिहावी लागेल.

ऊसतोडणी यंत्रे वाढतील, कोयता हळूहळू कमी होईल. कोयत्याबद्दल मला जिव्हाळा नाही. तो हातातून सुटला तर बरेच. ती मुले कोपीतून शाळेत यावीत. पण कोयता सुटल्यावर घरात काय शिजणार, याचे उत्तर यंत्र विकणाऱ्याकडे मागून चालणार नाही. ते सरकारने द्यायचे आहे आणि आतापासून द्यायचे आहे.

मी यंत्रविरोधी नाही, हे एवढ्यात लक्षात आले असेलच. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगोची वेधशाळा उभी राहणार आहे, चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांची. केंद्र सरकारने एप्रिल २०२३मध्ये तिला मंजुरी दिली. दूरच्या कृष्णविवरांच्या टकरीचा थरकाप आपल्या रानात मोजला जाईल, याचा मला विलक्षण अभिमान आहे. तांड्यावरच्या मुलीला मराठीत, न कंटाळता, दहाव्यांदा तेच गणित समजावणारा शिक्षक मोबाइलमध्ये येईल, आणि ती लातूरला खोली करून न राहताही शिकेल. हे सगळे मला हवे आहे. फक्त त्या शिक्षकाने तेराव्या वर्षीच तिच्या बापाला ‘ही डॉक्टर होणार नाही’ असा आकडा पाठवू नये.

घरातल्या नजरेविषयीही बोलले पाहिजे. मोबाइल आला म्हणून कित्येक मुलींना संभाजीनगरला, पुण्याला शिकायला पाठवायचे धाडस आईबापांना झाले. तीच मुलगी आता कुठल्या चौकात उभी आहे, हे भाऊ गावात बसून पाहतो. माझ्या वर्गातल्या मुली मला सांगतात की लोकेशन बंद केले, तर पाच मिनिटांत फोन येतो. उद्या घड्याळ तिच्या हृदयाचे ठोकेही घरी कळवेल. म्हाताऱ्या बापाच्या ओसरीवर कॅमेरा बसेल. हिंजवडीतला मुलगा गोळी घेतली की नाही ते पाहील. त्यात काळजीच आहे, मी नाकारत नाही. पण बापाला कोणी विचारले का? ज्याच्यावर कॅमेरा आहे, त्याच्या हाताशी तो बंद करायचे बटण असले पाहिजे. मुलीच्याही आणि बापाच्याही. एवढे प्रत्येक घर आजच ठरवू शकते, त्याला कायदा लागत नाही.

आणि सगळे एकाच तारेवर टांगले की काय होते, हे आपण अनुभवले आहे. फेब्रुवारी २०२४मध्ये मराठा आरक्षण आंदोलनाच्या वेळी जालना, बीड आणि छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यांत काही तास इंटरनेट बंद केले गेले. चहाच्या टपरीवर पैसे देता येईनात, फॉर्म भरायला आलेली पोरे सेतू केंद्राबाहेर बसून. आंदोलनाविषयी तुमचे मत काहीही असो. अनिश्चित काळासाठी इंटरनेट बंद ठेवता येत नाही आणि तसा आदेश प्रसिद्ध करावा लागतो, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२०मध्ये अनुराधा भसीन खटल्यात सांगितले आहे. पण दवाखाना, रेशन, पीककर्ज, परीक्षा, सगळेच त्या तारेवर गेल्यावर काही तासही फार होतात. म्हणून रोख पैसा, कागदाचा अर्ज आणि एक उघडी खिडकी, या तीन गोष्टी कुठलीही सोय आली तरी बंद होऊ देऊ नका. रेशनच्या यंत्रावर ज्यांची बोटे उठत नाहीत, त्यांना विचारा. ती बोटे कापूस वेचून आणि भांडी घासून झिजलेली असतात. त्या बायांना त्या खिडकीची किंमत माहीत आहे.

मग मागायचे काय? माझी मागणी मोठी नाही. यंत्राने ज्याच्याविषयी निर्णय दिला, त्याला पंधरा दिवसांच्या आत माणसाचा पंचनामा मागता यावा. त्या माणसाचे नाव कळावे, तो जागेवर यावा, आणि निर्णय का झाला ते त्याने मराठीत, लिहून, सही करून द्यावे. यंत्राचे म्हणणे बदलायचा अधिकार त्याला असावा. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने आपली माहिती दुरुस्त करून घ्यायचा हक्क दिला आहे, पण सरकारी यंत्रणांना त्यातून सूट मिळायची वाटही ठेवली आहे. त्याच कायद्याने माहिती अधिकारातले कलमही बदलले, खासगी माहिती म्हणून नकार देणे सोपे झाले. आपले सगळे सरकारला दिसावे आणि सरकारचे आपल्याला दिसू नये, हा उलटा कारभार मला मान्य नाही.

२ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत यातले निदान काही विचारता येईल. गावात बसवलेल्या कॅमेऱ्यांचे चित्रण कोण पाहते आणि किती दिवस ठेवते? ज्यांचे अंगठे उठत नाहीत त्यांना धान्य कसे दिले, त्याची वही कुठे आहे? पीक नुकसानीचा यंत्राचा आकडा गावाला मान्य नसेल, तर फेरपाहणीला येणाऱ्या अधिकाऱ्याचे नाव काय? उत्तर तोंडी घेऊ नका, इतिवृत्तात लिहून घ्या. या तिन्ही प्रश्नांच्या अर्जाचा नमुना मी तयार करून आणला आहे, दाराजवळच्या टेबलावर त्याच्या प्रती आहेत. जाताना घेऊन जा, आणि गावात ज्याला लिहिता येत नाही त्याचा अर्ज तुम्ही भरून द्या.