मुख्याध्यापकांच्या खोलीतला कबुलीजबाब

अध्यक्ष महोदय आणि मंडळी,

पत्रिकेत माझ्या व्याख्यानाचा विषय ‘शाळेतल्या मारामारीचा आरोप आणि विद्यार्थ्याला कायदेशीर मदत’ असा छापलाय. विषय चांगला आहे, मीच कळवला होता. पण आधी मला एका कागदाबद्दल बोलायचंय. माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकते, म्हणजे वेळ संपला तरी हरकत नाही: आरोप आलेल्या मुलाला पोलीस चौकीपेक्षा मुख्याध्यापकांची खोली जास्त धोक्याची असते. इथे मुख्याध्यापक किती आहेत? हात वर करा बघू. दोनच? बाकीच्यांना गप्प बसण्याचा हक्क माहीत आहे असं दिसतंय. (हशा) मुलांना मात्र तो कोणी सांगत नाही.

तालुक्याचं गाव, नाव राहू दे. नववीतला मुलगा. मधल्या सुट्टीत चिडवाचिडवी झाली, हातात कंपासपेटीतलं कर्कटक होतं, ते दुसऱ्याच्या दंडात घुसलं. दोन टाके पडले, धनुर्वाताचं इंजेक्शन द्यावं लागलं. वाईटच झालं. ज्याला लागलं त्याच्या आईला मी भेटले आहे, तिचा राग खरा होता आणि तिच्या मुलालाही फुकट वकील मिळण्याचा तेवढाच हक्क होता. आता दुसऱ्या मुलाकडे वळू. त्याला आरोपी म्हणायचं नाही. सरकारी भाषेत तो ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’. हे म्हणून होईपर्यंत पोरगं सज्ञान होतं. (हशा)

तर त्याला ऑफिसात नेऊन स्टुलावर बसवलं. वडील एसटीत, आई रानात, फोन लागेना. क्लार्कने पुढ्यात फुलस्केप सरकवला. वर्गशिक्षक म्हणाले, “माफीपत्र लिहून दे, विषय इथेच मिटवू. नाहीतर दाखला हातात ठेवतो.” आणि क्लार्क सांगू लागला. मुलाने लिहिलं, ‘मी वरील विद्यार्थ्यावर जीवे मारण्याच्या उद्देशाने धारदार वस्तूने वार केला.’ आता तुम्हीच सांगा, नववीतलं कुठलं पोरगं असं लिहितं? पोरगं लिहील, ‘सर, परत असं करणार नाही, पण आधी त्याने ढकललं.’ हे क्लार्कसाहेब पूर्वी तहसीलबाहेर बसून लोकांचे अर्ज लिहून द्यायचे, हे मला मागाहून कळलं.

विषय अर्थातच तिथे मिटला नाही. दुसऱ्या दिवशी जखमी मुलाच्या काकांनी तक्रार दिली आणि शाळेने ते पत्र स्वतः होऊन पोलिसांकडे पोचवलं. कर्कटकाची जखम म्हणजे तेव्हाच्या दंडविधानाचं फार तर कलम ३२४, शिक्षा तीन वर्षांपर्यंत, म्हणजे बाल न्याय कायद्याच्या हिशेबात किरकोळ गुन्हा. किरकोळ गुन्ह्याची चौकशी चार महिन्यांत आणि वाढवून मिळालेल्या आणखी दोन महिन्यांत पुरी झाली नाही, तर ती बंदच होते. पण ‘जीवे मारण्याच्या उद्देशाने’ एवढ्या तीन शब्दांनी प्रकरण खुनाच्या प्रयत्नाच्या कलम ३०७ कडे, गंभीर गुन्ह्याकडे सरकलं. तिथे ही सवलत नाही.

सरकारी खर्चाने वकील देणाऱ्या विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवर मी वकील होते, फाइल माझ्याकडे आली. पत्राची झेरॉक्स जोडलेली. मूळ प्रत मागवली, तर तिच्यावर लाल शाई! वर्गशिक्षक मराठीचे. ‘उद्धेशाने’ खोडून ‘उद्देशाने’ केलेलं, ‘धारधार’चं ‘धारदार’, आणि खाली शेरा: ‘अक्षर सुधारा.’ (मोठा हशा) हसताय खरे, पण तो शेरा आमच्या फार कामी आला. हे पत्र मुलाच्या मनातून आलेलं नाही, मोठ्यांनी बसवून, सांगून, तपासून घेतलेलं आहे, हे मुलांची प्रकरणं चालवणाऱ्या बाल न्याय मंडळाला त्या एका पानावर दिसलं. गुरुजींना विचारलं तर ते शांतपणे म्हणाले, “शुद्धलेखन तपासणं माझं कर्तव्य आहे.” मंडळाने पत्र बाजूला ठेवलं. मुलाला समुपदेशनाचा आदेश झाला. शुद्धलेखनाच्या चुकांनी तारलेला माझ्या माहितीतला हा एकमेव विद्यार्थी.

आता कायद्याची गंमत बघा. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून चालत नाही. पूर्वी ते पुरावा कायद्याच्या कलम २५ मध्ये होतं, आता भारतीय साक्ष अधिनियमाच्या २३ मध्ये आहे. पण मुख्याध्यापक पोलीस नाहीत! पोलिसांनी मुलाला बेड्या घालायच्या नाहीत, कोठडीत ठेवायचं नाही, साध्या कपड्यांत बोलायचं, आईवडिलांना कळवायचं. मुख्याध्यापकांच्या खोलीत असं कुठलंच बंधन नाही, आणि तिथला कागद पुढे पुरावा म्हणून येऊ शकतो. वचक असलेल्या माणसाने धमकी किंवा आमिष दाखवून घेतलेली कबुली साक्ष अधिनियमाच्या कलम २२ खाली बाद होते, पण ती धमकी दाखवून देणार कशी? दर वेळी लाल शाई थोडीच सापडते.

आणि कबुलीवर किती भरवसा ठेवायचा? सप्टेंबर २०१७ मध्ये गुरुग्रामच्या शाळेत दुसरीतल्या मुलाचा खून झाला, आठवतंय ना? बसच्या कंडक्टरला पकडलं, त्याने कॅमेऱ्यांसमोर गुन्हा कबूल केला, सगळ्या देशाने बघितलं. नोव्हेंबरमध्ये सीबीआयने त्याच शाळेतल्या अकरावीच्या मुलाला ताब्यात घेतलं आणि पुढे कंडक्टर दोषमुक्त झाला. त्या अकरावीतल्या मुलाला बालक म्हणून वागवायचं की सज्ञान म्हणून, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. जुलै २०२२ मध्ये न्यायालयाने सांगितलं की मंडळात बालमानसशास्त्र शिकलेलं कोणी नसेल, तर हा निर्णय घेताना तज्ज्ञाची मदत घ्यावीच लागेल. थोडक्यात, शिकल्यासवरल्या मंडळालासुद्धा मुलाचं मन एकट्याने ओळखता येतं असं कोर्ट धरत नाही. आणि आमचे क्लार्कसाहेब स्टुलावर बसवून ‘उद्देश’ सांगतात!

चिठ्ठी आली आहे. ‘पाच मिनिटे.’ म्हणजे पत्रिकेतला विषय आता. भराभर सांगते, लिहून घ्या.

वकील. अठराच्या आतल्या मुलाला सरकारी खर्चाने वकील मिळतो, आईवडिलांचं उत्पन्न कितीही असो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असतं, फोन १५१००. वकील येईपर्यंत मुलाने काहीही लिहून द्यायचं नाही. शाळेला नम्रपणे सांगा, “आम्ही लेखी उत्तर देऊ.” ‘सही करून टाक, मिटेल’ हे वाक्य वडिलांनी उच्चारायचं नाही. मुलाचा हक्क मुलालाही सोडता येत नाही, त्याच्या वतीने दुसऱ्या कोणालाही सोडता येत नाही, असं बाल न्याय कायद्याच्या कलम ३ मध्येच आहे.

पोलीस. किरकोळ आणि गंभीर गुन्ह्यात एरवी एफआयआर नाही, डायरीत नोंद आणि मंडळाला अहवाल. अतिगंभीर, म्हणजे किमान सात वर्षं शिक्षेचा गुन्हा किंवा सोबत सज्ञान माणूस असेल तर वेगळं. ताब्यात घेतलंच, तर चोवीस तासांत मंडळापुढे. जामीन हा नियम, अपवाद तीनच, आणि गुन्हा किती मोठा आहे हे त्या तिनांत नाही. पुण्याच्या पोर्शे अपघातात अल्पवयीन मुलाला जामीन देताना लिहायला सांगितलेल्या तीनशे शब्दांच्या निबंधावरचे प्रश्न मला चहाच्या वेळी विचारा, आत्ता नको. सोळा पूर्ण आणि गुन्ह्याला किमान सात वर्षं शिक्षा, तरच ‘सज्ञान म्हणून खटला’ हा प्रश्न येतो. नववीतल्या मारामारीत तो कोणी काढला तर घाबरू नका, वकिलाला सांगा.

शाळा. आठवीपर्यंत कुणालाही काढून टाकता येत नाही, शिक्षण हक्क कायद्याचं कलम १६. नववी-दहावीला ते कवच नाही, म्हणून तिथे दाखल्याची धमकी चालते. कारवाईची नोटीस लेखी मागा, बाजू मांडायची संधी लेखी मागा, प्रत शिक्षणाधिकाऱ्यांना पाठवा. मुलाचं नाव, फोटो, शाळा कुठेही छापायची नाही, पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरसुद्धा टाकू नका. बाल न्याय कायद्याचं कलम ७४, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हे मी जखमी मुलाच्या बाजूच्या काकांना खास सांगते.

शेवटचं, वयाचा पुरावा. आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र, ते नसेल तर नगरपालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, तोही नसेल तरच हाडांची तपासणी. नववीतल्या मुलाकडे दहावीचं प्रमाणपत्र कुठून असणार? म्हणजे पहिला कागद आणायचा तो तक्रार करणाऱ्या शाळेकडूनच. तेव्हा आज घरी गेल्यावर कपाटातली फाइल काढा आणि बोनाफाईडची एक प्रत आहे का ते बघून ठेवा. अध्यक्ष घड्याळ दाखवताहेत. प्रश्न असतील तर विचारा.