पाच सीसीच्या दोन सिरिंजा

[दृश्य: स्टीलचा ट्रे, अगदी जवळून]

या ट्रेमध्ये पाच सीसीच्या दोन सिरिंजा आहेत. दोन्हींत पाण्यासारखं स्वच्छ औषध, दोन्हींत मिलिलिटरला १ मिलिग्रॅम. एकीत मिडाझोलाम, गुंगी आणणारं. दुसरीत व्हेक्युरोनियम, श्वासाच्या स्नायूंसकट सगळं शरीर लुळं पाडणारं. अदलाबदल झाली, तर टेबलावरचा माणूस जागा असतो, सगळं ऐकत असतो. पण त्याला श्वास घेता येत नाही, आणि ओरडताही येत नाही.

[दृश्य: गंगापूर रोड, सकाळची वर्दळ]

नाशिकमधले कित्येक भूलतज्ज्ञ एकाच हॉस्पिटलला बांधलेले नाहीत. सकाळी गंगापूर रोडला सिझेरियन, दुपारी सिडकोत हर्निया, संध्याकाळी पंचवटीत हाडाचं ऑपरेशन. दर ठिकाणची भुलीच्या औषधांची ट्रॉली निराळी. त्यात अँप्युलचं, म्हणजे औषधाच्या छोट्या काचेच्या कुपीचं, रंगरूप प्रत्येक कंपनी आपापलं ठरवते. स्टोअरने दुसऱ्या कंपनीचा माल घेतला, की ओळखीचा रंग भलत्याच औषधावर दिसतो. सिरिंजवरच्या लेबलचा रंग मात्र आपल्या हातात आहे.

त्यासाठी आयएसओ २६८२५ हे आंतरराष्ट्रीय मानक २००८ साली आलं, २०२० मध्ये सुधारलं गेलं. स्नायू शिथिल करणाऱ्या औषधांना लाल लेबल, फेंटानिल-मॉर्फिनसारख्या तीव्र वेदनाशामकांना निळं, मिडाझोलामला नारिंगी, भूल सुरू करणाऱ्या प्रोपोफॉल-केटामाइनला पिवळं, रक्तदाब वाढवणाऱ्यांना जांभळं, ॲट्रोपिनला हिरवं, बधिर करणाऱ्यांना राखाडी. उताऱ्याच्या औषधाला ज्याचा उतारा त्याचाच रंग, पण पांढऱ्या तिरक्या पट्ट्यांसह: निओस्टिग्मिन लाल-पांढरं, नॅलोक्सोन निळं-पांढरं.

रंगाने फक्त गट कळतो, हे विसरून चालत नाही. व्हेक्युरोनियमसारखं अट्राक्युरियमही लालच, आणि पातळ न करता भरलं, तर मिलिलिटरला १० मिलिग्रॅम. नाव वाचावंच लागतं.

[दृश्य: हात, अँप्युल, लेबलचा रोल]

अँप्युल फोडण्याआधी वाचायची. औषध ओढायचं, आणि सिरिंज खाली ठेवण्याआधी त्याच हाताने लेबल लावायचं. एका वेळी एकच औषध. रिकाम्या सिरिंजांना आधीच लेबलं लावून ठेवणं वेळ वाचवणारं वाटतं. पण मग चुकीचं औषधही अगदी बरोबर लेबलाखाली जाऊन बसतं. लेबल उभं, नळीच्या लांबीला धरून, म्हणजे आकडे झाकले जात नाहीत. चिकटपट्टीवर मार्करने लिहिलेलं स्पिरिटचं बोट लागताच पुसतं. ताकद मिलिलिटरमागे लिहायची. ॲड्रेनलिनची १ मिलिग्रॅमची अँप्युल पातळ करून १० मिलिलिटर केली, तर 'मिलिलिटरला १०० मायक्रोग्रॅम', आणि 'मायक्रोग्रॅम' हा शब्द पूर्ण. आखूड रूप घाईत मिलिग्रॅम वाचलं गेलं, तर डोस हजारपट होतो.

बिनलेबलाची सिरिंज सापडली तर टाकून द्यायची. "मीच भरलीये, लक्षात आहे" हे चालत नाही.

[दृश्य: स्पायनलचा, म्हणजे मणक्यातून द्यायच्या भुलीचा ट्रे]

सिरिंजवरचं लेबल एका ठिकाणी मात्र हतबल आहे. सिझेरियनला मणक्यात द्यायचं, बधिर करणारं हेवी ब्युपिव्हाकेन लागतं आणि रक्तस्राव थांबवायला शिरेतून ट्रॅनेक्झामिक ॲसिडही लागतं. दोन्ही काचेच्या अँप्युलमध्ये, दोन्ही रंगहीन, आणि पुष्कळदा एकाच खणात. ट्रॅनेक्झामिक चुकून मणक्यात गेलं, तर झटके येतात, हृदयाची लय बिघडते. अशा रुग्णांपैकी बरेच दगावलेले आहेत. इथे चूक ओढण्याआधीच झालेली असते, लेबल तिच्यावर फक्त चिकटतं.

म्हणून ट्रॅनेक्झामिक भुलीच्या ट्रॉलीत ठेवायचंच नाही; त्याची जागा वेगळ्या कपाटात. स्पायनलच्या वेळी सिस्टर अँप्युल मोठ्याने वाचते, डॉक्टर स्वतः हातात घेऊन पुन्हा वाचतात, आणि मगच काच फुटते.