एकदा भरलेलं पाणी

[दृश्य: मे महिना, सकाळचे सात. केळीच्या बागेला लागून छोटा स्विमिंग पूल. काठावर उकिडवा बसलेला सालदार नळीतल्या पाण्याचा रंग पाहतोय.]

जळगाव, भुसावळ, धुळे. मे महिन्यात इथं पारा ४५ अंशांच्या आसपास रेंगाळतो. सुट्टीत नातवंडं मळ्यावर येतात, आणि दुपार उतरली की सगळ्यांची धाव एकाच दिशेला.

हा पूल ८ मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि सरासरी १.४ मीटर खोल. म्हणजे जवळजवळ ४५ हजार लिटर पाणी. रावेर-यावल पट्ट्यात बोअर किती खोल गेलेत, हे इथल्या प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक आहे. अशा मुलखात हिरवं झालेलं पाणी सोडून द्यायचं आणि पुन्हा मोटर सुरू करून पूल भरायचा, हे मनाला पटत नाही. पाणी राखता येतं. त्यासाठी ते मोजावं लागतं.

[दृश्य: टेस्ट किटच्या दोन नळ्या, एक लालसर, एक गुलाबी.]

डावीकडची नळी पीएचची, म्हणजे पाणी किती आम्लधर्मी वा अल्कधर्मी आहे त्याची. तो ७.२ ते ७.६ हवा. पीएच ७.५ असताना पाण्यातलं साधारण निम्मं क्लोरिन जंतू मारणाऱ्या रूपात असतं. पीएच ८ वर गेला की ते पाव हिश्श्यावर येतं. म्हणजे क्लोरिन तेवढंच, पैसे तेवढेच, काम मात्र अर्धं. पूलमध्ये कारंजं किंवा धबधबा असेल तर पीएच आपोआप वर सरकतो, कारण खळखळाटात पाण्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो. पीएच उतरवायला हायड्रोक्लोरिक ऍसिड वापरतात. बादलीत आधी पाणी घ्यायचं, मग त्यात ऍसिड. उलट कधीच नाही.

उजवीकडची गुलाबी नळी फ्री, म्हणजे मोकळ्या क्लोरिनची. स्वस्त किटमधलं पिवळा रंग देणारं औषध फक्त एकूण क्लोरिन सांगतं. त्यातलं घाम-लघवीशी बांधलं गेलेलं किती आणि मोकळं किती, ते त्यातून कळत नाही. डोळे चुरचुरतात, नाकात वास भरतो, तेव्हा लोक म्हणतात क्लोरिन जास्त झालं. बहुतेक वेळा मोकळं क्लोरिन कमी पडलेलं असतं आणि वास त्या बांधलेल्या क्लोरिनचा असतो.

[दृश्य: भर दुपार. पाण्यावर ऊन.]

आता खानदेशातल्या पूलचा खरा शत्रू: ऊन. उघड्या उन्हात नुसतं क्लोरिन दोन-तीन तासांत जवळपास संपतं. म्हणून पाण्यात सायन्युरिक ऍसिड ठेवतात, ३० ते ५० पीपीएम (दहा लाख भाग पाण्यात तेवढे भाग). ते क्लोरिनला उन्हापासून जपतं. औषध टाकायची वेळही सूर्य मावळल्यावरची, म्हणजे रात्रभर त्याला काम करता येतं.

इथं जरा थांबायला हवं, कारण सर्वात जास्त पाणी याच ठिकाणी वाया जातं. दुकानात मिळणाऱ्या टीसीसीए या क्लोरिनच्या पांढऱ्या गोळ्या फार सोयीच्या. तरंगत्या डब्यात घातल्या की आठवडाभर चिंता नाही. पण त्या गोळीतच सायन्युरिक ऍसिड आहे. दर १० पीपीएम क्लोरिनमागे ती साधारण ६ पीपीएम सायन्युरिक ऍसिड पाण्यात सोडते. रोज २ पीपीएम क्लोरिन लागतं असं धरलं, तर दोन महिन्यांत सत्तरेक पीपीएमची भर पडते. क्लोरिन खर्च होतं, हे मात्र साचत जातं. पाणी उडून गेलं तरी ते मागेच राहतं. शंभरच्या पुढे गेलं की क्लोरिन जणू बांधून ठेवल्यासारखं होतं. किटवर आकडा चांगला दिसतो आणि एका सकाळी हाक येते: "भाऊ, पानी हिरवं दिसी ऱ्हायनं."

मग घरगुती पूलवाल्यापुढे एकच रस्ता उरतो: निम्मं पाणी काढून नवं भरायचं. साडेबावीस हजार लिटर.

म्हणून आमचा आग्रह द्रवरूप सोडियम हायपोक्लोराइटचा. त्यातून सायन्युरिक ऍसिडही वाढत नाही आणि कॅल्शियमही नाही. या पूलला १ पीपीएम वाढवायला १० टक्क्यांचं द्रावण साधारण ४५० मिली लागतं. एकच पथ्य: उकाड्यात त्याचा जोर झपाट्याने उतरतो. पत्र्याच्या शेडमध्ये महिन्यांचा साठा करू नका. थोडं आणा, सावलीत ठेवा. आणि टीसीसीए व कॅल्शियम हायपोक्लोराइट (क्लोरिनचंच दुसरं औषध) यांचा एकमेकांशी स्पर्शही होऊ देऊ नका. दोन्हींना एकच चमचा वापरला तरी आग भडकू शकते.

[दृश्य: फिल्टरवरचं प्रेशर गेज. काटा हळूहळू चढतोय.]

फिल्टर वाळूचा. वाळू स्वच्छ असताना काटा कुठे असतो, तिथं मार्करने खूण करून ठेवा. त्याच्या वर ८ ते १० पीएसआय गेला, की बॅकवॉश, म्हणजे पाणी उलट्या दिशेने सोडून वाळू धुणं. ठरलेला वार म्हणून बॅकवॉश करू नका, दर वेळी कित्येकशे लिटर पाणी जातं. वाळूत थोडी घाण अडकलेली असली तर ती उलट जास्त बारीक कण धरते. फिल्टरमधल्या पाण्याची दिशा बदलणाऱ्या मल्टिपोर्ट व्हॉल्व्हची मूठ फिरवण्याआधी पंप बंद. चालू पंपावर मूठ फिरवली की आतलं गॅस्केट गेलंच म्हणून समजा. मान्सूनपूर्व वादळात मळ्यातली सगळी माती पाण्यात उतरते, तेव्हा मात्र काटा रोज बघावा लागतो.

[दृश्य: पूलच्या पायरीवर ठेवलेली बादली, अर्धी बुडालेली.]

पाणी रोज कमी होतंय. ऊन पितंय की गळती आहे? बादली पूलच्या पाण्याने भरून पायरीवर ठेवा, आतली आणि बाहेरची पातळी खडूने आखा, पंप बंद करून एक दिवस थांबा. दोन्ही सारख्या उतरल्या तर ते बाष्पीभवन. बाहेरची जास्त उतरली तर पाइप किंवा फिटिंग तपासा. एवढ्या पूलमधून एक सेंटीमीटर पाणी उडालं तरी ३२० लिटर होतात, म्हणून रात्री आच्छादन टाकणं परवडतं.

उडालेल्या पाण्याच्या जागी आपण बोअरचं जड पाणी घालतो, आणि क्षार वाढत जातात. टाइल्सवरची ही पांढरी कड त्याचीच. कॅल्शियम ४०० पीपीएमच्या पुढे गेलं की पीएच ७.२ कडे ठेवलेला बरा, थर कमी धरतो.

[दृश्य: जून. पत्र्यावरून पन्हाळीत येणारा पाऊस.]

पावसाच्या पाण्यात कॅल्शियम जवळपास नसतं, सायन्युरिक ऍसिडही नसतं. पहिल्या सरीने छप्पर धुऊन निघू द्या, मग पन्हाळीचा पाइप पूलकडे वळवा. जून ते सप्टेंबर पूलचं पाणी हळूहळू पातळ करून घ्यायची संधी असते. त्याच वेळी अल्कलिनिटी (पीएच स्थिर ठेवण्याची पाण्याची ताकद) घसरते आणि पीएच वरखाली उड्या मारायला लागतो. ती ८० पीपीएमच्या खाली गेली तर खायचा सोडा: या पूलला दर १० पीपीएमसाठी साधारण ७५० ग्रॅम, पाण्यात विरघळवून, पंप चालू ठेवून. दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजायचं.