नंबर आला का?

(जिल्हा पातळीवरच्या खेळाडूंसमोर आणि त्यांच्या पालकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मुलांनो, आणि मागे खुर्च्यांवर बसलेल्या पालकांनो,

संयोजकांनी मला विषय दिलाय, ‘खेळाडूने प्रेरणा कशी टिकवावी’. आधीच सांगून टाकतो, माझं बोलणं ऐकून तुम्हाला स्फुरण वगैरे चढलं, तरी परवा सकाळपर्यंत ते उतरलेलं असेल. साडेचारचा गजर वाजतो, बाहेर अंधार असतो, पोटऱ्या कालच्या सरावानं आखडलेल्या असतात. त्या वेळी कुणाचं भाषण आठवत नाही. आठवतं एवढंच, की खाली गेटपाशी जोडीदार थांबलाय आणि आपण गेलो नाही तर तो शिव्या घालणार. मी बरीच वर्षं मैदानावर मुलं बघतोय. जी टिकली ती इतरांपेक्षा जास्त उत्साही होती, असं मला कधी दिसलं नाही. उत्साह नसेल त्या दिवसाची त्यांनी सोय करून ठेवलेली होती. आज बोलणार आहे ते त्या सोयीबद्दल.

सुरुवात पालकांपासून करू. पोरगं स्पर्धेहून घरी येतं, अजून बूटसुद्धा काढलेले नसतात, आणि आतून आवाज येतो, ‘नंबर आला का?’ प्रेमानंच विचारता, मला माहीत आहे. पण हाच प्रश्न आठ-दहा वर्षं कानावर पडला, की पोराच्या डोक्यात आपला खेळ मोजायची दुसरी पट्टीच राहत नाही.

आता धावपटू अविनाश साबळेचं उदाहरण घ्या. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातलं मांडवा हे त्याचं गाव. घरची परिस्थिती बेताची. बारावीनंतर सैन्यात गेला, महार रेजिमेंटमध्ये. सियाचिनची थंडी बघितली, राजस्थानचं ऊन बघितलं, आणि मग सैन्यातल्याच क्रॉस कंट्रीतून पळण्याकडे वळला. म्हणजे लहानपणापासून कोच, आहारतज्ज्ञ, स्पाइक्स, यातलं काही नाही. २०१८ साली भुवनेश्वरला त्यानं ३००० मीटर स्टीपलचेस, म्हणजे अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत पळायची शर्यत, ८ मिनिटं २९.८० सेकंदांत पूर्ण केली आणि गोपाल सैनींचा ३७ वर्षं टिकलेला राष्ट्रीय विक्रम मोडला.

तीन वर्षांनी टोकियो ऑलिंपिक. तिथं प्राथमिक फेरीत तो सातवा आला आणि बाहेर पडला. ‘नंबर आला का?’ नाही आला. पण त्या दिवशी त्यानं वेळ दिली ८ मिनिटं १८.१२ सेकंद, पुन्हा नवा राष्ट्रीय विक्रम. अंतिम फेरी न गाठलेल्या सगळ्या धावपटूंमध्ये तोच सर्वांत वेगवान होता. त्याच्या वाट्याला आलेली फेरीच अवघड होती. आता सांगा, त्यानं रात्री डायरीत काय लिहायचं? हरलो, की आयुष्यातलं सगळ्यात चांगलं पळालो? दोन्ही खरं आहे. पण दुसऱ्या दिवशी उठून सराव करायला लावेल असं त्यातलं एकच आहे.

पुढच्याच वर्षी, बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत, तो ८ मिनिटं ११.२० सेकंदांत दुसरा आला. सुवर्ण मिळवणारा केनियाचा अब्राहम किबिवोट ८:११.१५. पाच शतांश सेकंदांचा फरक. डोळ्याची पापणी लवायला याहून जास्त वेळ लागतो. १९९८ पासून या शर्यतीतली तिन्ही पदकं दर वेळी केनियालाच जात होती, त्या रांगेत हा मांडव्याचा मुलगा घुसला. मग २०२३ च्या ऑगस्टमध्ये बुडापेस्टच्या जागतिक स्पर्धेत पहिल्याच फेरीत गारद. दीड महिन्यानं हांगझोऊला आशियाई सुवर्ण. तोच माणूस, तेच पाय. नंबराच्या पट्टीनं मोजत बसला असता तर सप्टेंबरमध्ये त्यानं काय केलं असतं, विचार करा. आणि त्याची आजवरची सर्वोत्तम वेळ, ८:०९.९१, कुठली आहे माहीत आहे? जुलै २०२४, पॅरिसची डायमंड लीग, म्हणजे जगातल्या अव्वल धावपटूंच्या स्पर्धा-मालिकेतली एक शर्यत. त्या शर्यतीत तो सहावा आला होता. सहा वर्षांत जवळजवळ वीस सेकंद कमी केले त्यानं. पदकांची यादी बघून हे कळत नाही.

इथं पैलवान मंडळी म्हणतील, आमच्या आखाड्यात कुठलं घड्याळ? बरोबर आहे. मग वस्तादांना विचारा. गेल्या महिन्यात जो सहज तुझा पट काढत होता, म्हणजे पाय धरून तुला पाडत होता, त्याला आज किती वेळा जमलं? कबड्डीत शेवटच्या पाच मिनिटांत तुझी चढाई पहिल्या पाच मिनिटांइतकीच चपळ होती का? मोजता येतं सगळं. फक्त ते प्रेक्षकांना दिसत नाही, म्हणून त्याला टाळ्या नसतात.

चौथ्या नंबराबद्दल थोडं. चौथा नंबर हा खेळातला सगळ्यात वाईट मुक्काम, असं माझं मत आहे. आठव्याला आशा नसते, म्हणून तो रात्री झोपतो. कोल्हापूरच्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे २०२२ मध्ये कैरोच्या जागतिक नेमबाजी स्पर्धेत चौथा आला. त्यातून देशाला ऑलिंपिकचा कोटा, म्हणजे एका नेमबाजाची जागा, मिळाली खरी, पण पदक नाही. पुढच्या वर्षी हांगझोऊला वैयक्तिक अंतिम फेरीत तो आघाडीवर होता, आणि उभ्यानं मारायच्या टप्प्यात एका गोळीला फक्त ७.६ गुण मिळाले. पुन्हा चौथा. सांघिक सुवर्ण मिळालं, पण ती एक गोळी माणूस विसरत नाही. १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये (गुडघ्यावर, झोपून आणि उभ्यानं) ४५१.४ गुणांसह त्यानं कांस्य घेतलं. पहिलं ऑलिंपिक, वय २८, आणि पाठीशी बारा वर्षांची आंतरराष्ट्रीय नेमबाजी.

या बारा वर्षांत त्याला कशानं धरून ठेवलं, असं विचारलं की पेपरवाले ‘जिद्द’ लिहितात. लिहू देत. मी त्यात आणखी एक गोष्ट घालतो, जी व्याख्यानात कुणी बोलत नाही: पगार. २०१५ पासून तो मध्य रेल्वेत नोकरीला, तेव्हा तिकीट तपासनीस म्हणून. रायफल, गोळ्या, जॅकेट, सगळं महाग. महिन्याच्या महिन्याला पगार जमा होतो म्हटल्यावर वाईट स्पर्धा ही फक्त वाईट स्पर्धा राहते, घरावरचं संकट होत नाही. अविनाशच्या पाठीशी सैन्य. ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत पळालेली आपल्या माणदेशातली ललिता बाबर, तिच्या पाठीशीही रेल्वे. पैलवानांना तर हे समजावून सांगायची गरजच नाही. खुराकाचा खर्च ज्याच्या घरात झालाय, त्याला दूध-बदामाचा भाव आणि मनाची उभारी यांचं नातं बरोबर कळतं.

आणि ज्याच्या पाठीशी कुणी नव्हतं, त्याचं काय झालं? गोळेश्वरचे खाशाबा जाधव. १९४८ ला लंडन ऑलिंपिकमध्ये सहावे आले. मातीतला मल्ल, मॅटच्या कुस्तीचे नियम तिथं जाऊन शिकत होता. १९५२ ला हेलसिंकीला जायला पैसे नव्हते. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण ठेवून ७००० रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्य आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. पोलिसात नोकरी मिळाली १९५५ मध्ये. अर्जुन पुरस्कार आला तो त्यांच्या मृत्यूनंतर कितीतरी वर्षांनी. खाशाबांची गोष्ट आपण प्रेरणेची म्हणून सांगतो. मला ती प्राचार्य खर्डेकरांची गोष्ट वाटते. तुमच्यातल्या प्रत्येकाला एक खर्डेकर लागणार आहे, आणि तो नसेल तर नोकरी लागणार आहे. सरकारी भरतीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. त्याचे नियम, कुठल्या स्पर्धेचं कुठलं प्रमाणपत्र चालतं, हे आतापासून वाचा. प्रमाणपत्रं प्लॅस्टिकच्या पिशवीत, पत्र्याच्या पेटीत, उंदीर पोचणार नाहीत अशी ठेवा. हसू नका, कुरतडलेली प्रमाणपत्रं मी पाहिली आहेत.

दुखापतीबद्दल लांबण लावत नाही. जुलै २०२५ मध्ये मोनॅकोला पाण्याच्या अडथळ्यापाशी साबळेच्या गुडघ्याचा लिगामेंट फाटला आणि त्या वर्षीची जागतिक स्पर्धा गेली. अशा वेळी सगळ्यात वाईट काय, तर खेळाडू मैदानावर यायचंच बंद करतो. कुबड्या घेऊन या. स्टॉपवॉच धरा, लहान मुलांना वॉर्मअप द्या. गेटपाशी थांबणारा जोडीदार तुटला की परत येणं फार अवघड जातं.

आणि खेळातला प्रकार किंवा वजनगट बदलायला घाबरू नका. ललितानं मॅरेथॉनमध्ये नाव कमावलं होतं. ते बाजूला ठेवून ती स्टीपलचेसकडे वळली आणि २०१६ ला रिओत दहावी आली. पी. टी. उषांच्या १९८४ नंतर ऑलिंपिकमध्ये ट्रॅकवरची अंतिम फेरी गाठणारी ती पहिली भारतीय. पैलवान राहुल आवारेला २०१६ च्या ऑलिंपिकला जायला मिळालं नाही. दोन वर्षांनी त्यानं गोल्ड कोस्टला राष्ट्रकुल सुवर्ण मारलं, आणि त्याच्या पुढच्या वर्षी ६१ किलोत जागतिक कांस्य. हा वजनगट ऑलिंपिकमध्ये नाही. तरी लढला.

सगळ्यांचं असं होणार नाही. तुमच्यातले बहुतेक जण राज्य पातळीपर्यंत जातील, काही त्याच्याही अलीकडे थांबतील. म्हणून कॉलेज सोडू नका, आणि दर वर्षी हंगाम संपला की कोच, आई-वडील आणि तुम्ही असे एकत्र बसून तुमच्या वेळा आणि आकडे लिहिलेली वही उघडा. दोन हंगाम आकडा हलला नसेल, तर सराव बदलायचा, प्रकार बदलायचा की थांबायचं, हे तेव्हा ठरवा. हरल्या दिवशी संध्याकाळी ठरवू नका. त्या संध्याकाळी फक्त जेवा.

चला, आता प्रश्न घेऊ. आधी पालकांचे. ‘आमच्या मुलाचं सिलेक्शन का झालं नाही’, हा सोडून काहीही विचारा.